झूम नव्हे, ती केळ्यांची लारी होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत एका नव्या मराठी चित्रपटाचं परीक्षण आलं आहे. चित्रपट मी पाहिला आहे. लिहिणाऱ्यांच्या मताशी माझं भांडण नाही. त्यांना आवडला, मला जरा लांबल्यासारखा वाटला, ते चालायचंच. भांडण आहे ते एका वाक्याशी. 'कॅमेरा झूम होत होत गल्लीत शिरतो आणि एकाच सीनमध्ये चार मिनिटं न थांबता फिरत राहतो.' एवढ्याशा वाक्यात दोन चुका. गल्लीत शिरला तो झूम नव्हे, ट्रॉली. आणि न थांबता फिरला तो सीन नव्हे, शॉट.

बारीक गोष्ट आहे, मान्य. पण क्रिकेटच्या पानावर कुणी 'फलंदाजानं गुगली मारली' असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे पत्रांचा पाऊस पडेल. सिनेमाच्या पानावर काहीही खपतं. म्हणून म्हटलं, निदान एक पत्र तरी जाऊ दे.

मी बडोद्याची. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत १९८९पासून बावीस वर्षं मी लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग केलं. एडिटिंग म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती. 'कॅसेट मिक्सिंगला टाकलीय' असंच गिऱ्हाईक म्हणायचं. आमचे हे शूटिंगला जायचे. मी पोळ्या आटपून, मुलांना शाळेत धाडून दोन व्हीसीआर, दोन टीव्ही आणि पॅनासॉनिकचा एमएक्स-१२ मिक्सर यांच्यापुढे बसायची. मोठ्या पडद्याचं काम आम्ही कधी केलं नाही आणि तसा आवही आणायचा नाही. पण शॉट तोच, कट तोच, आणि चुकलं की पोटात येणारा गोळा तोच.

तर झूम. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही. लेन्सच्या आतल्या काचा सरकतात, फोकल लेंग्थ बदलते आणि लांबचं मोठं दिसू लागतं. काम एका बोटाचं. ट्रॉलीत कॅमेराच पुढे जातो. त्यासाठी रूळ टाकायचे, ते सपाट बसावेत म्हणून खाली लाकडाच्या पाचरी सारायच्या, रुळांवर चाकांची पाटी, पाटीवर कॅमेरा आणि कॅमेरामन, आणि मागून ढकलणारी दोन माणसं. पडद्यावर दोन्हींत समोरचं मोठं होत जातं, म्हणून लोक फसतात.

फरक बघायचा तर आमच्या जुन्या शहराच्या लहरीपुरा दरवाज्याशी उभं राहावं आणि कॅमेरा सरळ समोरच्या मांडवीच्या इमारतीकडे लावावा. झूम केलंत तर मांडवी जवळ येते, पण मधली दुकानं, पाट्या, माणसं एकमेकांवर चेपली जातात. पसरलेले पत्ते गोळा करून हातात धरावेत तशी. आता झूमला हात न लावता तोच कॅमेरा घेऊन मांडवीपर्यंत चालत जा. पहिलं दुकान अंगावरून मागे जातं, मग दुसरं. जवळचं भराभर पळतं, लांबचं सावकाश. आपण त्या रस्त्यानं गेलो असं वाटतं ते या पळण्यामुळे. झूममध्ये आपण कुठंच जात नाही, मांडवी तेवढी फुगते.

१९९४च्या वैशाखात एका लग्नाची वरात जुन्या शहरातून निघणार होती. ह्यांच्या डोक्यात आलं की नवरदेवाच्या घोड्यापुढे कॅमेरा चालत राहिला पाहिजे, तोंड घोड्याकडे, पाठ रस्त्याकडे. रूळ आणि ट्रॉली आम्हाला कोण देणार? शेवटी केळ्यांची लारी ठरवली. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते, लारी म्हणजे हातगाडी, सायकलच्या चार चाकांची. चाकांतली हवा थोडी सोडली, म्हणजे खड्ड्याचा दणका कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. वर गादी घातली, गादीवर हे मांडी घालून, खांद्यावर कॅमेरा, शेजारून सनगन, म्हणजे हातात धरायचा प्रखर दिवा, घेऊन चालणारा पोऱ्या. लारीवाल्याची अट एकच: लारी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, ढकलीन तर मीच. पन्नास रुपये ठरले. मागून ढकलली असती तर तोच चौकटीत आला असता, म्हणून त्याला पुढून ओढायला लावलं. कुरकुरला, पण ओढली.

आता त्या माणसानं जन्मभर त्याच रस्त्यांवर केळी विकलेली. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी त्याचे पाय आपोआप सावकाश व्हायचे, कारण गिऱ्हाईक तिथंच उभं असतं. आणि नवरदेव बघायला आलेल्या बायकाही तिथंच उभ्या. रात्री टेप लावून बघितली तर काय, कॅमेरा दर गल्लीशी जरासा रेंगाळतोय, चार चेहरे घेतोय, पुन्हा चालू लागतोय. मधूनच एक म्हातारी घोड्याऐवजी थेट कॅमेऱ्याकडे बघून बोटानं केळ्यांचा भाव विचारतेय. ठरवून असा शॉट आमच्यानं झाला नसता. साडेतीन मिनिटांचा होता. अख्ख्या कॅसेटीत तेवढा एक शॉट मी कुठंही कापला नाही. त्याला कुणी झूम म्हणालं तर त्या लारीवाल्याची साडेतीन मिनिटं गेली कुठं? तुमच्या परीक्षणातल्या चित्रपटातही कुणीतरी घाम गाळून ती ट्रॉली ढकललेली आहे.

'परिणाम तर सारखाच ना?' असं माझा भाचा म्हणाला. नाही. हिचकॉकच्या १९५८च्या 'व्हर्टिगो'मध्ये उंचीची भीती वाटणारा नायक जिन्यातून खाली बघतो आणि जिना खाली खाली ताणला जातो. तिथं कॅमेरा एका दिशेनं सरकतोय आणि त्याच वेळी झूम उलट दिशेनं चाललाय. जिनाही खरा नव्हता, छोटं मॉडेल आडवं ठेवून तो टिपला होता. झूम आणि ट्रॉली एकच असते तर एकानं दुसऱ्याला खोडून टाकलं असतं आणि पडद्यावर काहीच घडलं नसतं. प्रेक्षकाच्या पोटात कालवतं ते दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत म्हणूनच. यावर भाचा गप्प बसला.

पॅन आणि टिल्टवर वेळ घालवत नाही. कॅमेऱ्यानं जागेवर मान डावीउजवीकडे वळवली की पॅन, वरखाली केली की टिल्ट. आमच्या सूरसागर तळ्याच्या काठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघणं हा पॅन, मधल्या महादेवाच्या मूर्तीला पायांपासून जटांपर्यंत बघणं हा टिल्ट. 'कॅमेरा वर पॅन होतो' असं लिहिणारेही भेटतात. वर पॅन होत नाही.

दुसरी चूक शॉट आणि सीनची. कॅमेरा चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत, किंवा आमच्या टेबलावर म्हणाल तर एका कटपासून पुढच्या कटपर्यंत, तो शॉट. एका जागी, एका वेळी घडतं तो सीन. त्यात एक शॉट असेल नाहीतर चाळीस असतील. मंगलाष्टकं हा सीन. त्यात गुरुजींचं तोंड, मामाचा हात, मुठीतून सुटणाऱ्या अक्षता, नवरीच्या मुंडावळ्या, हे सगळे वेगवेगळे शॉट. टेक म्हणजे तोच शॉट पुन्हा घेण्याची एकेक खेप, आणि ती चैन लग्नात नसते. ह्यांनी एकदा 'हार जरा पुन्हा घाला' म्हणून बघितलं होतं. गुरुजी म्हणाले, 'लग्न एकदाच लागतं. कॅसेट तुमची हवी तेवढ्या वेळा लावा.'

चार मिनिटं न कापलेल्या शॉटचं कौतुक जरूर करावं, पण शॉट म्हणून करावं. फिल्मच्या जमान्यात ३५ मिलीमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्रं, बसायच्या, सेकंदाला २४ फ्रेम लागायच्या, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं. त्याहून लांब शॉट कॅमेऱ्यात मावायचाच नाही. फूट मोजायचे म्हणून 'फुटेज'. हल्ली चोरी झाली की सीसीटीव्हीचं फुटेज तपासतात. त्यात ना फूट ना इंच, पण शब्द चिकटून राहिला.

त्याच परीक्षणात पुढे 'वाड्यातले प्रसंग नैसर्गिक प्रकाशात टिपले आहेत' असंही म्हटलं आहे. तसं असेल तर असेल. पण पडद्यावर उजेड मऊ दिसला म्हणजे तो उन्हाचाच, असं नसतं. सत्यजित राय यांच्या १९५६च्या 'अपराजितो'साठी कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी स्टुडिओत बांधलेल्या बनारसच्या घराच्या अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. परतून आलेला उजेड खऱ्या अंगणातल्यासारखा पसरला. याला बाउन्स म्हणतात. आमच्याकडे कापडाऐवजी चुन्यानं रंगवलेलं छत होतं. हजार वॉटची सनगन नवरीच्या तोंडावर रोखली की ती डोळे मिचकावणार आणि मागच्या भिंतीवर तिची काळीकुट्ट सावली पडणार. तीच सनगन छताकडे वळवली की सगळं निवळायचं. मंडपात मात्र छत नसतं, कापड असतं, आणि तेव्हा ते बहुधा हिरवं असे. तिथं बाउन्स केला तर अख्खं वऱ्हाड हिरवं. हा धडा आम्ही एकाच लग्नात शिकलो. ते पैसे अजून यायचे आहेत.

आता परीक्षणात नसलेला, पण माझ्या आवडीचा एक शब्द: लाइन. पुस्तकात त्याला १८० अंशांचा नियम म्हणतात. मराठी माणसाला तो समजावायला अंतरपाटासारखं साधन नाही. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरा, तोंडं समोरासमोर. तिच्या नाकापासून त्याच्या नाकापर्यंत, कापडातून आरपार, एक दोरी ताणली आहे असं समजा. ही लाइन. कॅमेरे दोन असोत नाहीतर पाच, सगळ्यांनी दोरीच्या एकाच अंगाला राहायचं. मग नवरी पडद्यावर कायम डावीकडे उभी आणि उजवीकडे बघणार, नवरा उजवीकडे उभा आणि डावीकडे बघणार. एखादा कॅमेरा दोरी ओलांडून पलीकडे गेला की संपलं. अलीकडून घेतलेल्या नवरीला पलीकडून घेतलेला नवरा जोडला तर दोघंही उजवीकडेच बघतात, जणू दोघांचंही लग्न तिसऱ्याच कुणाशी लागतंय.

१९९६ साली एका मोठ्या लग्नाला आम्ही दुसरा कॅमेरा भाड्यानं घेतला. चालवायला एक नवा मुलगा. ह्यांनी त्याला बजावलं होतं, काही झालं तरी गुरुजींच्या पाठीमागे जायचं नाही. पण मंगलाष्टकं सुरू झाली आणि मामा, मामाचे मित्र, कडेवर पोरं घेतलेल्या काकवा, असा गराडा पडला की बिचारा वाट मिळेल तसा सरकत गेला आणि नेमका पलीकडे निघाला. रात्री टेप लावली तेव्हा कळलं, दुसऱ्या कॅमेऱ्याची सगळी मंगलाष्टकं उलटी. यातून निघायची एक वाट म्हणजे कटअवे. मध्ये भलतंच काही दाखवायचं, तेवढ्यात बघणारा डावंउजवं विसरतो, मग पलीकडची बाजू घ्यायची. भलतं म्हणून माझ्याकडे एकच धड शॉट होता: गुरुजींचं तोंड, चार सेकंद. तो मी पाच वेळा वापरला. कॅसेट बघून मुलीचे वडील म्हणाले, 'सगळं उत्तम झालंय हो, पण गुरुजींना फार घेतलंय.'

वरातीलाही हाच नियम. घोडा पडद्यावर एकदा डावीकडून उजवीकडे निघाला की निघाला. पुढच्या शॉटमध्ये उजवीकडून डावीकडे आला तर बघणाऱ्याला वाटतं, नवरदेवाचा विचार बदलला.

मिक्सिंग तेव्हा कसं चालायचं तेही थोडं सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. एका व्हीसीआरमध्ये शूटिंगची कॅसेट वाजवायची, दुसऱ्यात नवी कॅसेट रेकॉर्ड करायची. शॉटची 'इन' कुठं, 'आउट' कुठं, ते गोल चकती फिरवून फ्रेमवर आणायचं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. मग दोन्ही मशिनं मागे जाऊन धावत यायची आणि शॉट जोडला जायचा, कधी दोन फ्रेम अलीकडे, कधी तीन पलीकडे. सगळे शॉट एकामागून एक, रांगेत. कॅसेट पुरी झाल्यावर कुणी म्हणालं की सुरुवातीला आत्याबाईंचा शॉट तेवढा वाढवा, तर तिथून पुढचं सगळं नव्यानं करायचं, नाहीतर तयार कॅसेटीवरून आणखी एक प्रत उतरवायची. प्रत म्हणजे एक जनरेशन, आणि दर जनरेशनला चित्र बसायचं. लाल रंग पहिला जायचा. तिसऱ्या जनरेशनला नवरीच्या शालूचा लाल रंग शेजारी उभ्या करवलीच्या अंगावर सांडलेला दिसे. म्हणून आधी विचार, मग बटण. आता माझी नात फोनवर बोटानं शॉट इकडचे तिकडे करते, चुकलं की मागे जाते. करू दे. पण शॉट कुठं संपवायचा हे तिलाही तेवढंच अवघड जातं, ते मी बघते.

आवाजाची एक युक्ती मला त्या मशिनवर उशिरा सापडली. गौरीहरापाशी बसलेली नवरी दिसत असतानाच पुढच्या मांडवातली सनई ऐकू येऊ द्यायची, आणि मांडव दिसायचा मागून. चित्राआधी आवाज. नवरीचा चेहरा तोच, पण सनई ऐकू आली की ती कशाची वाट बघतेय ते सांगावं लागत नाही. पुढे २००३मध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा कळलं की याला जे-कट म्हणतात, कारण पडद्यावर वरची चित्राची पट्टी आणि खालून आधीच डावीकडे सरकलेली आवाजाची पट्टी मिळून इंग्रजी जे अक्षरासारखा आकार होतो. उलट केलं, म्हणजे चित्र बदललं तरी आधीचा आवाज रेंगाळला, की एल-कट. माझ्या वहीत मी त्याला 'सनई आधी' असंच लिहीत असे.

आणि आता कबुलीजबाब. एका लग्नात मुलीची आई पाठवणीच्या वेळी रडलीच नाही. रडणार कधी? बाई जेवणाच्या कंत्राटदाराशी ताटांच्या आकड्यावरून भांडत होत्या. टेपमध्ये गाडी निघते, मुलगी काचेतून मागे बघते, आणि आईचा पत्ता नाही. घरच्यांनी कच्ची टेप बघितली आणि मुलीची मावशी हळूच मला येऊन म्हणाली, 'अहो, लोक काय म्हणतील? काहीतरी करा.' मी सकाळच्या कॅसेटी काढल्या. होमाच्या वेळी लाकडं ओली होती, धूर मावत नव्हता, आणि मुलीच्या आईच्या, या काकूंच्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. चांगला मोठा क्लोज-अप, अगदी कपाळापासून हनुवटीपर्यंत. अडचण एकच. दोन सेकंदांनी त्या पदरानं डोळे पुसतात, आणि सकाळचा पदर हिरव्या नऊवारीचा, संध्याकाळची साडी जांभळी. पदर चौकटीत यायच्या आत कापायचं, म्हणजे हातात फक्त पन्नास फ्रेम. तीनदा चुकलं, दर वेळी कोपऱ्यात हिरवी किनार डोकावायची. चौथ्यांदा बसलं. मुलगी मागे बघते, आईच्या डोळ्यांत पाणी, गाडी वळते. मावशी माझ्या खोलीत बसून हमसून हमसून रडली, आणि तिला तर ठाऊक होतं ते पाणी कशाचं.

पुढे कितीतरी वर्षांनी भाच्यानं आणून दिलेल्या पुस्तकात वाचलं की लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकानं शंभर वर्षांपूर्वी हेच केलं होतं. एका नटाचा एकच भावशून्य चेहरा, त्याला कधी सूपची वाटी जोडली, कधी शवपेटी. लोकांनी नटाच्या अभिनयाची तारीफ केली: काय भूक दाखवली, काय दुःख दाखवलं! चेहरा एकच. मला फार बरं वाटलं. बडोद्यातल्या होमाच्या धुराला एकदम रशियात नातेवाईक सापडल्यासारखं झालं.

बडोद्याच्या बाईनं सिनेमावर लिहावं आणि कलाभवनाचं नाव काढू नये हे बरं दिसत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये काढलेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले. १९१२मध्ये विलायतेतून कॅमेरा आणल्यावर भांडवल देणाऱ्याला दाखवायला म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि थांबून थांबून थोड्याथोड्या फ्रेम घेत तो उगवताना टिपला, 'अंकुराची वाढ'. पोरं हल्ली फोनवर टाइम लॅप्स लावतात, ते हेच. पण माझा जीव त्या गोष्टीतल्या सरस्वतीबाईंपाशी घुटमळतो. विकत आणलेल्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसत, आणि ती अंधारात बसून पाडायचं काम फाळक्यांच्या पत्नीचं. ३५ मिलीमीटरच्या एकेका फ्रेमला एकेका कडेला चार भोकं. ती नसती तर कॅमेऱ्याच्या दातांनी फिल्म ओढायची कशाला धरून? १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' त्या भोकांवरून पुढे सरकला आहे. या कामाला 'पर्फोरेशन' असं भारदस्त नाव आहे आणि ते बाईंच्या नावाबरोबर छापलं जावं असं मला वाटतं.

एक शब्द तुमच्या-माझ्यातला. इंग्रजीत तुम्हीही एडिटर आणि मीही एडिटर. मराठीत तुम्ही संपादक, आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत आमच्या कामाला 'संकलन' म्हणतात. मला हा शब्द कटपेक्षा आवडतो. कट म्हटलं की लोकांना फेकून देणंच दिसतं. मी तर बावीस वर्षं नऊ-नऊ कॅसेटींतून वेचून तीन तास भरत होते, आणि मामांना एकही क्लोज-अप नाही म्हणून बोलणी खात होते. तेव्हा 'सेन्सॉरनं संकलन करून दोन दृश्यं उडवली' असं जे तुमच्या बातम्यांत येतं ते कृपा करून थांबवा. ती नुसती कात्री. संकलकाचा त्यात हात नसतो, आणि बहुतेकदा त्याच्या आधी कुणी त्याला विचारतही नाही.

पत्र फार लांबलं. छापायचं तर कापावं लागेल, एवढं मला कळतं. कापताना जंप कट मात्र ठेवू नका. एकाच माणसाचे एकाच जागेवरून घेतलेले दोन तुकडे मधलं काढून जोडले की तो बसल्या जागी टुणकन उडी मारतो. माझ्या परिच्छेदांचं तसं होऊ देऊ नका. सूरसागर गेला तरी चालेल, 'व्हर्टिगो'ही गेला तरी हरकत नाही. लारीवाला आणि सरस्वतीबाई राहू द्या.

आणि खाली माझं नाव छापू नका. ज्यांची पन्नास फ्रेम मी पाठवणीत घातली त्या काकू अजून आमच्याच गल्लीत राहतात. ती कॅसेट त्यांच्या नातवानं पेन ड्राइव्हवर करून घेतली आहे. मुलीच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्या दर वर्षी ती लावतात, आणि त्या जागी, त्यांची मुलगी सांगते, दर वर्षी रडतात. तुमचा अंक त्यांच्याकडेही येतो.

आपली,
एक मिक्सिंगवाली
दांडिया बाजार, बडोदे